एक अधिक तीन बरोबर दोन

हिशेबनीस माणसाने अकरावी सायन्सच्या वहीत डोकावू नये. मी डोकावलो, कारण कन्येने मला जाळ्यात ओढलं. "बाबा, स्टॉइकिओमेट्री म्हणजे कुठलं रसायन किती लागतं आणि किती बनतं याचा नुसता हिशेब असतो रे. तुझाच विषय." मी दहावीनंतर कॉमर्सला पळालेला माणूस, पण हिशेब म्हटल्यावर 'येत नाही' म्हणण्याची सोय राहिली नाही. चष्मा पुसला आणि बसलो.

पहिलंच समीकरण होतं अमोनियाचं. नायट्रोजनचा एक मोल (मोल म्हणजे डझनासारखंच, पण कणांचं माप), हायड्रोजनचे तीन मोल, आणि बाणाच्या पलीकडे अमोनियाचे दोन मोल. एक अधिक तीन बरोबर दोन. माझ्या ऑफिसात चार आत गेले आणि दोन बाहेर आले, तर संध्याकाळपर्यंत कॅशियर निलंबित होतो. इथे त्याला 'बॅलन्स्ड' म्हणतात!

"मोल बघू नकोस, वजन बघ," कन्या म्हणाली. बघितलं. नायट्रोजन 28 ग्रॅम, हायड्रोजन 6 ग्रॅम, अमोनिया 34 ग्रॅम. पैशाचाही फरक नाही. नग निम्मे झाले आणि वजन तेवढंच राहिलं. दोन्हीकडे नायट्रोजनचे अणू दोन आणि हायड्रोजनचे सहाच, फक्त त्यांनी घरोबे बदलले. एवढं समजल्यावर मी जरा सैलावलो, आणि नेमका तिथेच पुढचा प्रश्न आला.

नायट्रोजन 28 ग्रॅम, पण हायड्रोजन फक्त 4 ग्रॅम. अमोनिया किती? हायड्रोजन आधी संपणार, म्हणून तो लिमिटिंग रिएजंट. सगळा हिशेब त्याच्या ऐपतीने करायचा. उत्तर आलं 22.67 ग्रॅम. कन्येने त्याखाली दोन रेघा मारल्या आणि वही मिटायला घेतली.

"थांब, 9.33 ग्रॅम नायट्रोजन शिल्लक आहे," मी म्हणालो.

"हो."

"तो कुठे दाखवायचा?"

"विचारलेलं नाही."

शिल्लक माल विचारला नाही म्हणून दाखवायचा नाही! आमच्यात याला वेगळा शब्द आहे आणि त्याला शिक्षाही आहे. शिवाय ही वहीतली माणसं, म्हणजे अणू, फारच कामसू. प्रत्येक कण इमानदारीने भिडतो, कोणी दांडी मारत नाही. खऱ्या कारखान्यात, हाबर यांच्या पद्धतीने, साडेचारशे अंश तापमान आणि दोनशेच्या आसपास वातावरणांचा दाब देऊनही एका फेरीत जेमतेम पंधरा-वीस टक्के वायूचा अमोनिया होतो. बाकीचा पुन्हा आत ढकलावा लागतो. हे वाचल्यावर मला रसायनशास्त्राबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली.

मोल म्हणजे 6.022 × 10²³ नग. एवढे नग मोजले कोणी, हा प्रश्न हिशेबनिसाला पडणारच. आकड्याला ॲव्होगॅड्रोंचं नाव आहे, म्हणून त्यांनीच मोजले असतील असं आपण धरून चालतो. त्यांनी मोजले नाहीत. इटलीतला हा गृहस्थ मुळात कायदा शिकलेला. 1811 मध्ये त्यांनी एवढंच म्हटलं, की तापमान आणि दाब सारखा असेल तर कुठल्याही वायूच्या सारख्या घनफळात रेणूंची संख्या सारखी असते. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. 1856 मध्ये ते वारले, आणि 1860 मध्ये कार्ल्सरूहच्या परिषदेत रसायनशास्त्रज्ञ कानिझारो यांनी त्यांची बाजू मांडल्यावर लोकांना ते पटायला लागलं. आकड्याला त्यांचं नाव सुचवलं फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ पेराँ यांनी, 1909 मध्ये. आणि 20 मे 2019 पासून तो आकडा 6.02214076 × 10²³ असा कायमचा ठरला. यापुढे त्यात राउंड ऑफ नाही. दोनशेआठ वर्षांनी का होईना, खातं बंद झालं याचा मला मनापासून आनंद झाला. कन्येला झाला नाही. तिला परीक्षेत 6.022 चालतं.

आकड्यांनंतर रंग. क्षारांच्या द्रावणांचा तक्ता पाठ करायचा होता आणि इथे माझी पत्नी मैदानात उतरली. पैठणीच्या दुकानात शंभर हिरव्यांतून हवा तो हिरवा काढणारी बाई ती. तक्त्यात निकेल 'हिरवा', फेरस (म्हणजे लोखंडाचा क्षार) 'फिकट हिरवा', क्रोमियम 'गडद हिरवा' एवढंच बघून तिने कपाळाला हात लावला. कन्येने मोबाइलवर प्रयोगशाळेतल्या टेस्टट्यूबांचे फोटो दाखवले. "अहो, हा निकेल पाचूचा हिरवा आहे. फेरस धड पोपटी पण नाही, धुऊन धुऊन गेलेला. आणि कोबाल्टला गुलाबी कोण म्हणतं? डाळिंबीकडे झुकतोय तो." मँगनीजपाशी मात्र तीही थांबली. तक्ता म्हणतो फिकट गुलाबी, फोटोत दिसतं पाणी. परीक्षेत गुलाबी लिहायचं आणि डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, असं ठरलं.

जस्ताला तर रंगच नाही. याला कारण आहे म्हणे: त्याच्या डी कक्षकांत, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या एका प्रकारच्या खोल्यांत, दहाच्या दहा इलेक्ट्रॉन भरलेले, तिथल्या तिथे उडी मारायला जागाच नाही, मग प्रकाश शोषणार कसा? तांब्याकडे एक जागा मोकळी. तो तांबडा-नारिंगी प्रकाश गिळतो आणि आपल्याला निळा दिसतो.

रंगांचा भरवसा मात्र धरू नये. कॉपर क्लोराइडचं दाट द्रावण हिरवं, पाणी घालत गेलं की निळं. फेरसचं द्रावण ठेवून दिलं की हवेने हळूहळू पिवळट तपकिरी. मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट) तापवला तर निळा रंग जाऊन पांढरी भुकटी उरते, कारण निळेपणा पाण्यासकटचा असतो. एका मोल मोरचुदात 249.5 ग्रॅम वजन, त्यातलं पाणी 90. छत्तीस टक्के! आमचा गवळीसुद्धा इतकं धाडस करत नाही.

नेमके त्या आठवड्यात सासरे निफाडहून आले होते. अण्णांची द्राक्षबाग. मोरचूद ऐकून त्यांचे कान टवकारले. "अण्णा, पन्नास किलोच्या गोणीत तुम्ही अठरा किलो पाणी विकत घेता. वर त्या पाण्यावर जीएसटी," मी म्हणालो. "जावईबापू, मग कोरडा विकत घेऊन पाण्यातच कालवायचा ना?" ते म्हणाले, आणि माझा मुद्दा तिथेच विरघळला.

द्राक्षवेलींवर बुरशीसाठी फवारायचं अण्णांचं बोर्डो मिश्रण ठरलेलं: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. (हे मिश्रण फ्रान्सचं. रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना किळस यावी म्हणून तिकडचे बागाईतदार ते शिंपडायचे. त्या वेलींवर केवडा हा बुरशीचा रोग येत नाही हे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्डे यांना दिसलं आणि 1885 मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. चोर किती घाबरले, ते मात्र कुठे लिहिलेलं नाही.) कन्येने लगेच मोल मांडले. मोरचूद 249.5, कळीचा चुना 56. "अण्णा, एक किलोला सव्वादोनशे ग्रॅम चुना पुरतो. तुम्ही चौपटीहून जास्त घालता!"

"बाळा, तुझ्या वहीतला चुना चोख असंल. आमच्या गोणीत खडे बी येतात, हवेनं मेलेला बी येतो. चुना कमी पडला तर पानं करपतात."

"पण पुरला हे कळतं कसं?"

"विळा बुडवायचा. पातं तांबूस झालं का चुना कमी."

कन्या बघतच राहिली. दहावीला लोखंडी खिळा निळ्या द्रावणात टाकून वहीत निरीक्षण, अनुमान वगैरे दोन पानं लिहिली होती तिने. लोखंड तांब्याला बाहेर काढतं, मोकळं तांबं शिल्लक असेल तरच. म्हणजे अण्णा दर फवारणीला शिल्लक माल तपासत होते. मी तिच्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. तिने दुर्लक्ष केलं.

"अण्णा, मग तुमच्यात लिमिटिंग रिएजंट कोण? म्हणजे जे आधी संपतं आणि ज्याच्यापायी बाकीचं सगळं अडतं."

"मजूर," अण्णा म्हणाले. "बाकी माल पडून राहतो."