संगणक निश्चिंतपणे फॉरमॅट कसा करावा

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून घरोघरी फॉरमॅटचे मुहूर्त निघत आहेत. आमच्याकडे हे कार्य गेल्या आठवड्यात यथासांग पार पडले, म्हणून हा अनुभवाचा प्रसाद आपल्यालाही वाटतो.

बॅकअप घ्यावा तो त्याच संगणकाच्या डी ड्राइव्हमध्ये. सी आणि डी ही अक्षरे वेगळी आहेत, त्या अर्थी डिस्कही वेगळ्या असणारच. ती एकाच डिस्कवर आखलेली रेघ असू शकते, असल्या शंका सज्जनांनी काढू नयेत. दुरुस्तीवाला मुलगा ‘काका, सगळा डेटा घेतलाय’ म्हणाला की आपण निर्धास्तपणे चहा टाकावा. इकडे इन्स्टॉलेशनच्या पडद्यावर पार्टिशनांची, म्हणजे डिस्कच्या कप्प्यांची, यादी येते, तिच्यात सी-डी ही ओळखीची अक्षरे नसून नुसते क्रमांक असतात, आणि चहाला उकळी फुटण्याआधी तो मुलगा एकेका क्रमांकावर डिलीट दाबून मोकळा होतो. नंतर विचारतो, ‘डीमध्ये काही महत्त्वाचं होतं का?’ होते! वडिलांनी ऐंशीव्या वर्षी एका बोटाने टंकलेल्या आठवणी होत्या. हार्ड डिस्कवरून पुसलेले पुष्कळदा परत मिळते, पण त्या जागेवर नवे काही लिहिले नसेल तरच. याने तर विंडोज चढवून वर कोणी न मागितलेले दोन व्हिडिओ प्लेअरही टाकले होते.

बिटलॉकर म्हणजे विंडोजने डिस्कला घातलेले कुलूप; ते उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर जपून ठेवावी.

नवे विंडोज चढवताना जुने ज्यात बाजूला ठेवले जाते, त्या विंडोज.ओल्ड या फोल्डरवर पूर्ण भरवसा ठेवावा. तो साधारण दहा दिवसांनी आपोआप पुसला जातो, तेव्हा आपण अकराव्या दिवशी जागे व्हावे.

युनिकोड ही सर्व संगणकांना समजणारी अक्षरपद्धती येण्यापूर्वीचे मराठी फॉन्ट वेगळे काढून ठेवू नयेत, म्हणजे जुनी पत्रे उघडताच अगम्य चिन्हांची रांगोळी पाहायला मिळते.

अहो, पन्नास हजारांचा लॅपटॉप घेताना घासाघीस करून बॅग फुकट मिळवता आणि बाहेरची हार्ड डिस्क घ्यायची म्हटली की तुमचा हात कसा आखडतो? माझाही आखडला होता, त्याची फळे भोगतो आहे. डेटा तिच्यावर कॉपी करा, ती काढून दुसऱ्या संगणकाला लावा, चार फायली उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, आणि मगच त्या मुलाला घरात घ्या. आणि तू रे, डिलीट दाबण्याआधी एक हाक मारायला काय झाले होते? मी स्वयंपाकघरातच होतो, तुझाच चहा गाळत होतो.