‘आवडतं म्हणजे चालतं’ हे कुत्र्याच्या बाबतीत खरं नाही

सध्या एक मजकूर खूप फिरतोय. सोबत लॅब्रॅडॉरचा फोटो, नाकाला कपकेकचं क्रीम लागलेलं. खाली लिहिलंय: कुत्र्याला गोड आवडतं म्हणजे त्याच्या शरीराला ते हवंच असतं, आमचा दर वाढदिवसाला चॉकलेट कपकेक खातो, त्याला कधी काही झालं नाही, भीती वाटत असेल तर शुगर-फ्री द्या, आणि सोसत नाही ते कुत्रा आपणच ओकून टाकतो. फोटो पाहून मलाही लाड आले. पण हे वाचून कुणी आपल्या छोट्या पामेरियनला कपकेक भरवला तर काय, या विचाराने स्वस्थ बसवेना.

आवडीचं म्हणणं अर्धं खरं आहे. मांजराला गोड चव कळतच नाही, त्यासाठी लागणारं जनुक तिच्यात निकामी झालेलं आहे. कुत्र्यात ते शाबूत आहे, म्हणून तो कपकेकसाठी जीव टाकतो. पण जिभेला साखर कळते, साखरेआड दडलेला कोको धोक्याचा आहे हे कळत नाही.

आता ‘आमच्याला काही झालं नाही’. यावर मी विश्वास ठेवते. प्रश्न वजनाचा आणि कोकोचा आहे. कोकोत थिओब्रोमीन नावाचं द्रव्य असतं, कुत्र्याला बाधतं ते हेच. माणसाच्या शरीरात ते बरंच लवकर निम्मं होतं, कुत्र्यात मात्र निम्मं व्हायलाच साधारण साडेसतरा तास लागतात. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आसपास थिओब्रोमीन गेलं की उलट्या, जुलाब, अस्वस्थपणा सुरू होतो. 40 ते 50 ला हृदयाचे ठोके बिघडतात. 60 च्या पुढे झटके येऊ शकतात. मिल्क चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये ते जेमतेम 2 मिलिग्रॅम असतं, कोको पावडरीत 20 च्या घरात. म्हणजे 30 किलोच्या लॅब्रॅडॉरला त्रास व्हायला साधारण 30 ग्रॅम कोको पावडर लागेल, 5 किलोच्या कुत्र्याला 5 ग्रॅम पुरते. फोटोतला कुत्रा सुखरूप राहिला तो त्याच्या आकारामुळे. शिवाय रात्री खाल्लं आणि झोपेपर्यंत ठणठणीत होता, एवढ्यावरून निश्चिंत होता येत नाही. लक्षणं दिसायला बारा तासही लागू शकतात.

सगळ्यात घातक सल्ला शुगर-फ्रीचा. अशा पदार्थांत कधी कधी साखरेऐवजी झायलिटॉल हे गोड द्रव्य असतं, लेबलवर ‘बर्च शुगर’ किंवा ‘ई 967’ असंही लिहिलेलं असतं. माणसाला ते चालतं. कुत्र्याच्या पोटात गेलं की इन्सुलिन एकदम उसळतं आणि रक्तातली साखर कोसळते, कधी अर्ध्या तासात. कुत्रा लडखडतो, आडवा होतो. किलोमागे 0.1 ग्रॅम एवढंही धोक्याचं, म्हणजे 5 किलोच्या कुत्र्याला अर्धा ग्रॅम. किलोमागे अर्ध्या ग्रॅमच्या पुढे यकृत निकामी होऊ शकतं. साखरेऐवजी झायलिटॉल घालून केलेल्या एका कपकेकमध्ये ते कित्येक ग्रॅम असू शकतं. साखरेचा साधा कपकेक यापेक्षा बरा, हे मला स्पष्टच सांगायला हवं.

अर्थात साध्या व्हॅनिला कपकेकमध्ये लोणी-क्रीम असतंच, आणि स्निग्ध खाण्याने काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. मनुका असतील तर मूत्रपिंडाला धोका, आणि किती मनुकांनी होईल हे आधी सांगता येत नाही.

राहिलं ओकण्याचं. उलटी होईपर्यंत बरंच रक्तात उतरलेलं असतं. मीठ पाजून घरी उलटी करवणं तर नकोच, मिठानेच विषबाधा होते. वेष्टन हाताशी ठेवा, कुत्र्याचं वजन, किती खाल्लं आणि किती वाजता, एवढं सांगून लगेच पशुवैद्यांना फोन करा, लक्षणांची वाट न पाहता.

आमच्या कुत्रीच्या वाढदिवसाला आम्ही गाजराचे तुकडे आणि बिया काढलेलं सफरचंद देतो. शेपटी तेवढीच हलते.