बिस्किट आणि ज्यूस म्हणणाऱ्यांसाठी

आज सावंतवाडीला भाचीचं फर्स्ट कम्युनियन होतं, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर) घ्यायचा दिवस. मिस्सा, म्हणजे आमची उपासना, छान झाली, पोरगी पांढऱ्या फ्रॉकमध्ये गोड दिसत होती. मग जेवताना आमच्याच एका नातेवाइकाने सगळ्यांदेखत माझ्या आईला विचारलं, "तुमच्या मिशनवाल्यांत काय, बिस्किट आणि ज्यूस ना?" आईच्या प्रोटेस्टंट चर्चात भाकरीबरोबर पेल्यातून रस देतात, त्यावरचा हा टोमणा. चारजण हसले. आई भात वाढत होती, ती वाढतच राहिली. पोरीचा दिवस खराब नको म्हणून मी तिथे गप्प बसले. आता घरी आलेय, आता बोलते.

मी कॅथलिक, बाबांकडून. आई वेंगुर्ल्याच्या प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) घरातली. लग्नानंतर तिने चर्च बदललं नाही आणि बाबांनी तिला बदलायला लावलं नाही. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, अमेरिकन मिशनच्या हॉस्पिटलात नोकरीला होते. त्यांच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभूभोजन असायचं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनासारखं भाकर आणि द्राक्षारस वाटून घेणं. शनिवारी रात्री आजोबा काळ्या मनुका धुऊन भिजत घालायचे. पहाटे त्या उकळून, धुतलेल्या फडक्यातून गाळून, तो रस इवल्या इवल्या काचेच्या पेल्यांत चमच्याने भरायचे. पावाच्या कडा काढून तुकडे करायचे. हे सगळं होईपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. मेजावरच्या पांढऱ्या कापडावर थेंब सांडला तर ते कापड इतर कपड्यांत टाकायचं नाही, ते स्वतः वेगळं धुवायचे. हे ज्यूस?

ज्या पेल्याला तुम्ही हसलात ना, त्या पेल्यासाठी माणसं मेली आहेत. १४१५ साली कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने सामान्य लोकांना द्राक्षारसाचा पेला द्यायचा नाही हे पक्कं केलं. त्याच परिषदेच्या शिक्षेवरून बोहेमियातल्या (आजच्या चेक देशातल्या) यान हुस या धर्मसुधारकाला जाळलं, आणि त्याच्या तिथल्या लोकांनी पेल्याचं चित्र झेंड्यावर घेऊन लढाया केल्या. आजही आपल्याकडे बहुतेक मिस्सांना लोकांना नुसती भाकर मिळते, पेला फादर घेतात. आजोबांच्या चर्चात तो रांगेतल्या शेवटच्या म्हातारीपर्यंत जातो. मग हसायचं कुणी कुणाला?

"ते नुसती आठवण करतात, आपल्याकडे खरा प्रभू असतो" हेही ऐकवून झालं आज. अहो, निदान माहिती तरी करून घ्या. नुसती आठवण हे स्वित्झर्लंडचा धर्मसुधारक झ्विंग्ली याचं म्हणणं. १५२९ साली जर्मनीतल्या मारबुर्गला तो आणि प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा ल्यूथर समोरासमोर बसले, चौदा मुद्दे जुळले, आणि पंधराव्यात याच भाकरीवर येऊन अडले. "हे माझे शरीर आहे" हे शब्द ल्यूथरने खडूने टेबलावर लिहून ठेवले होते, आणि तो तसूभर हलला नाही. प्रेस्बिटेरियन लोक कॅल्विन या आणखी एका सुधारकाच्या वळणाचे. भाकर भाकरच राहते, पण पवित्र आत्म्याच्या योगे विश्वासणाऱ्याला ख्रिस्त खरोखर मिळतो, असं ते मानतात. आपण मानतो की भाकर आणि द्राक्षारस बदलून त्याचं शरीर आणि रक्त होतं. १५५१ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने तेच ठामपणे सांगितलं. म्हणून तर आपण उरलेला ख्रिस्तप्रसाद पेटीत ठेवतो, शेजारी दिवा तेवत ठेवतो, येता-जाता गुडघा टेकतो. मी ते मनापासून मानते. कुणी सगळं सारखंच आहे म्हणालं तर मला तेही आवडत नाही. फरक आहे आणि तो मोठा आहे.

आजोबांना तो चांगला कळत होता. माझ्या फर्स्ट कम्युनियनला ते कडक इस्त्रीचा सदरा घालून आले होते. घंटी वाजली, फादरांनी ख्रिस्तप्रसाद उंचावला, तेव्हा सगळे गुडघ्यांवर आणि आजोबा मान खाली घालून उभे. रांग लागल्यावर माझी आत्या त्यांना म्हणाली, "तुम्हीपण चला ना, कोण बघतंय?" आजोबा म्हणाले, "फादर जे मानून देतायत ते मी मानत नाही. मग हात कसा पुढे करू?" आणि बाकावर बसून राहिले. ख्रिस्तप्रसादाचा एवढा मान आमच्या घरातल्या कुठल्या कॅथलिकाने ठेवलाय, सांगा मला.

आणि आईकडच्यांनी यावर लगेच लाइक मारू नका, तुमच्यातही आहेत. नव्या फेलोशिपमध्ये (प्रार्थनासभेत) जायला लागलेला माझा एक मावसभाऊ आम्हाला तोंडावर मूर्तिपूजक म्हणतो. "भाकरीच्या तुकड्यापुढे लोटांगण घालता" म्हणतो. त्यांच्या हॉलमध्ये टाळ्या, ड्रम, अन्य भाषांतली (आपोआप तोंडी येणाऱ्या अनोळखी शब्दांतली) प्रार्थना, तासभर रडणं. मी जाऊन आलेय, लोक खरंच मनापासून रडतात, मी कधी त्यावर बोट ठेवलं नाही. मग त्याने आमच्या गुडघ्यांवर का ठेवावं? आजोबा तर त्याचेही आजोबा होते.

हो, नियम आहे. कॅथलिक नसलेल्याला एरवी ख्रिस्तप्रसाद देता येत नाही. तो मोडा असं मी म्हणत नाही. आईचं आणि बाबांचं लग्न इतकी वर्षं टिकलं, पण प्रभूच्या एका मेजावर ते कधी बसले नाहीत. दर नाताळला आई आमच्याबरोबर येते आणि रांग सुरू झाली की आम्हाला वाट द्यायला पाय बाजूला घेते. मला त्याचं वाईट वाटतं, आजही वाटलं. पण ते दुःख आमचं आहे, आम्ही ते सांभाळतो. त्यावर कुणी विनोद करायचा नाही.

तिकडे १९७० साली नागपूरला सहा प्रोटेस्टंट पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे होते आणि मोठेपणीच देणारेही होते. दोन्ही रीती ठेवल्या. त्यांना जमलं. आपल्याला जेवणाच्या पंगतीत तोंड आवरता येत नाही?

आमच्या पॅरिशच्या फादरांना एक विनंती. कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या) वर्गात मुलांना सगळ्या प्रार्थना पाठ करून घेता, त्यातला एक तास शेजारच्या चर्चात काय मानतात यासाठी ठेवा. त्या दिवशी तिथल्या पाळकसाहेबांनाच बोलवा, ते त्यांच्या तोंडाने सांगतील. पेल्यांचा ट्रे आणि मेजावरचं कापड आई घेऊन येईल, तिला मी आत्ताच विचारलंय. रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर मी ऑफिसात येते, तारीख ठरवू.