मिठाच्या पाण्याने मेंदूतल्या जोडण्या घट्ट होत नाहीत

दहावीची परीक्षा जवळ आली तसा एक मजकूर गोव्यात फोंडा-डिचोलीतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतोय. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते, म्हणून चौघींनी तो मलाही पाठवला. म्हणणं असं: कॅल्शियम-मॅग्नेशियमचे आयन मेंदूतल्या पेशींच्या जोडण्या मजबूत करतात, मुलाला रोज उपाशीपोटी आगरातल्या (मिठागरातल्या) मिठाचं पाणी आणि कॅल्शियमची गोळी द्या, पाठांतर पक्कं होईल.

यात खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच फसायला होतं. 1973 साली ब्लिस आणि लोमो या शास्त्रज्ञांनी सशाच्या मेंदूत दाखवलं की चेतातंतूंच्या एका वाटेवर भराभर विद्युत झटके दिले तर तिथल्या जोडण्या तासन्‌तास जोरकस राहतात. त्यामागे कॅल्शियम आहे, हे खरंच.

पण ‘मॅग्नेशियम जोडणी मजबूत करतं’? त्या जागी ते अडवायचं काम करतं. पेशीच्या आवरणात एनएमडीए नावाची वाहिनी असते, म्हणजे आयनांना आत येण्याची वाट; तिच्या तोंडात ते बुचासारखं बसतं. आपल्या खाजनाच्या (खाडीकाठच्या शेतजमिनीच्या) बांधावरची मानस, म्हणजे पाण्याचं दार, आठवा: बाहेरून भरतीचा दाब असेतो दार बंद, आतल्या पाण्याचा जोर वाढला की उघडतं. तसंच इथं. आधीच्या पेशीकडून ग्लुटामेट, म्हणजे निरोप पोचवणारं रसायन, यायला हवं आणि त्याच क्षणी ही पेशीही सोडियम आत घेऊन चेतलेली हवी. तेव्हाच मॅग्नेशियम बाहेर ढकललं जातं आणि कॅल्शियम आत शिरतं. दोन गोष्टी एका वेळी जुळल्या, याची खूण पेशीला अशी पटते. मला हे दर वर्षी शिकवताना नव्याने सुंदर वाटतं.

‘जितकं कॅल्शियम जास्त, तितकी स्मरणशक्ती’ हेही चूक. कॅल्शियम झपकन आणि भरपूर आलं तर जोडणी बळावते. थोडंथोडं रेंगाळत आलं तर तीच जोडणी दुबळी होते. बेसुमार साचलं तर पेशी मरते. म्हणून तर पेशी आतलं कॅल्शियम बाहेरच्या सुमारे दहा हजारपट कमी राखते.

राहिली गोळी. रक्तातलं कॅल्शियम पॅराथायरॉइड ग्रंथी डेसिलिटरला साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅममध्येच ठेवते, आणि रक्त व मेंदू यांच्यामध्ये वेगळा अडसर आहे. म्हणजे गोळीतलं कॅल्शियम थेट त्या जोडण्यांपर्यंत पोचत नाही. 2010 मध्ये मॅग्नेशियमच्या एका खास संयुगाने उंदरांचं शिकणं सुधारल्याचं दिसलं होतं, पण तो प्रयोग उंदरांवरचा होता आणि ते संयुग म्हणजे आगरातलं मीठ नव्हे.

काही घरांत नातवंडासोबत आजी-आजोबाही हे पाणी पिऊ लागलेत. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते आजच बंद करा.