वरिष्ठांना आयएफआरएस १७ शिकवताना घ्यावयाची खबरदारी

विमा कंपनीतील वरिष्ठ वित्ताधिकाऱ्यांना आयएफआरएस १७ हे विमा करारांचे लेखामानक शिकवण्याची जबाबदारी आपल्यावर येऊन पडली असेल, तर प्रथम मनातली भीती काढून टाकावी. हे काम दिसते तितके अवघड नाही, कारण त्यांनी ते खरोखर शिकावे अशी फारशी कोणाची अपेक्षा नसते. संचालक मंडळाला ‘नेतृत्वाचे प्रशिक्षण पूर्ण’ असा शेरा हवा असतो, लेखापरीक्षकांना हजेरीपट हवा असतो आणि ज्यांना शिकवायचे त्यांना दुपारनंतरची बैठक गाठायची असते. या तिन्ही गरजा एका दिवसात सहज भागतात. त्या दिवसात कोणाच्या हातून चुकूनही एखादा निर्णय होऊ नये, एवढीच काय ती काळजी घ्यावी लागते, आणि पुढील सूचना त्यासाठीच आहेत.

वर्गाची सुरुवात इतिहासाने करावी आणि तेथे रेंगाळता येईल तितके रेंगाळावे. विमा करारांच्या हिशेबाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९७ मध्ये हाती घेतला गेला; २००४ मध्ये आयएफआरएस ४ हे तात्पुरते मानक आले आणि त्याने प्रत्येक कंपनीला बहुतांशी आपापल्या जुन्या पद्धतीने हिशेब ठेवण्याची मुभा दिली; पुढे २०१० आणि २०१३ असे दोन मसुदे निघाले, मे २०१७ मध्ये अंतिम मानक प्रसिद्ध झाले, ते २०२१ पासून लागू व्हायचे होते, आणि जून २०२० च्या दुरुस्तीने ती तारीख १ जानेवारी २०२३ वर गेली. इतकी वर्षे भिजत पडलेल्या घोंगड्याची ही हकिकत सांगताना वर्गाला आपोआप धीर येतो. शिवाय सनावळीबद्दल कोणाचे दुमत होत नाही आणि तासभर आपल्या कंपनीचा एकही आकडा पडद्यावर येत नाही. २०२३ आता मागे पडले असले, तरी ‘अंमलबजावणीच्या दिशेने आपला प्रवास’ ही स्लाइड काढून टाकण्याची घाई करू नये. तिच्यावरचा बाण अजून चांगला दिसतो.

यानंतर कोणीतरी उदाहरण मागेल. शक्यतो देऊ नये. द्यावेच लागले, तर अगदी लहान द्यावे आणि योग्य जागी थांबावे. करारांच्या एका गटाचा एकरकमी हप्ता १,००० आहे, भविष्यातील दावे आणि खर्च यांचे आजचे मूल्य ८०० आहे आणि अनिश्चितता वाहण्याचा मोबदला म्हणून धरलेली रिस्क अ‍ॅडजस्टमेंट ५० आहे, असे समजा. उरलेले १५० म्हणजे कॉन्ट्रॅक्चुअल सर्व्हिस मार्जिन, अर्थात सीएसएम. हा नफा पहिल्या दिवशी दाखवायचा नाही. सेवा जसजशी दिली जाईल तसतसा तो उलगडत जाईल. इथपर्यंत सगळे माना डोलावतात, आणि नेमके इथेच थांबावे.

हौसेपोटी पुढे गेल्यास काय होते, ते सांगून ठेवतो. समजा, दाव्यांचा भविष्याविषयीचा अंदाज ६० ने वाढला. व्याजाचा भाग बाजूला ठेवला, तर सीएसएम १५० वरून ९० वर येतो आणि या वर्षीच्या नफ्याला लगेच धक्का लागत नाही, म्हणून वर्गात समाधान पसरते. आता अंदाज ६० ऐवजी २०० ने वाढला असे धरा. सीएसएम शून्यावर येतो आणि उरलेले ५० त्याच क्षणी तोटा म्हणून नफा-तोटा पत्रकात जातात. इतका वेळ मागच्या रांगेत टपाल पाहत बसलेले, पण दर वर्षी नफ्याचे उद्दिष्ट स्वतःच्या सहीने वर पाठवणारे एखादे गृहस्थ अशा वेळी मान वर करतात आणि विचारतात, “म्हणजे आपल्या कोणत्या गटाचा सीएसएम काठावर आला आहे?” साऱ्या अभ्यासक्रमात विचारण्याजोगा प्रश्न हा एवढाच आहे, म्हणूनच तो धोकादायक आहे. त्याचे उत्तर आपल्या फाइलमध्ये नसते आणि ज्यांच्याकडे असते त्यांना आपण बोलावलेले नसते. “फार छान प्रश्न आहे,” असे म्हणून तो फलकावरच्या ‘नंतर पाहू’ या रकान्यात टिपावा. फलक संध्याकाळी पुसला जातो.

गटांचा विषय मात्र टाळता येणार नाही, कारण त्याची रंगीत आकृती सल्लागार कंपनीने तयार करून दिलेली असते. मानकाचे म्हणणे थोडक्यात असे की, एकत्र हाताळल्या जाणाऱ्या, सारख्या जोखमीच्या करारांचा पोर्टफोलिओ करावा आणि त्यात मुळातच तोट्याचे करार, तोट्यात जाण्याची लक्षणीय शक्यता नसलेले करार आणि बाकीचे करार असे किमान तीन गट पाडावेत. त्यातही एक वर्षाहून अधिक अंतराने दिलेले करार एका गटात घालू नयेत. दहा पोर्टफोलिओ, तीन गट आणि वीस वर्षे धरली, तर सहाशेपर्यंत गट होऊ शकतात, आणि एका गटाचा सीएसएम दुसऱ्याच्या तोट्यावर पांघरूण घालू शकत नाही. वर्षानुवर्षे ‘एकंदरीत हा व्यवसाय फायद्यातच आहे’ असे सांगत आलेल्या अधिकाऱ्यांना या वाक्याचा अर्थ एका दमात सांगणे निर्दयपणाचे होईल. त्यांना आकृतीतले चौकोन मोजू द्यावेत आणि ‘ही सगळी विभागणी सिस्टिम करते’ असे सांगून पुढे जावे. विभागणीचे नियम सिस्टिमला कोणी सांगितले, हे विचारण्याइतका वेळ कोणाकडे नसतो. कोणी फारच खोलात गेले, तर युरोपीय संघाने २०२१ मध्ये हे मानक स्वीकारताना काही विशिष्ट करारांना वार्षिक गटांच्या अटीतून ऐच्छिक सूट दिली, हा विषय काढावा. ती सूट आपल्याला लागू आहे की नाही याने काही बिघडत नाही. दुसऱ्याला मिळालेल्या सवलतीवर वित्ताधिकारी अर्धा तास आनंदाने बोलू शकतात.

आता सर्वांत नाजूक भाग, म्हणजे रिस्क अ‍ॅडजस्टमेंट. ती काढण्याची कोणतीही एक पद्धत मानकाने ठरवून दिलेली नाही. बिगर-वित्तीय जोखमीमुळे रोख प्रवाहांची रक्कम आणि वेळ यांबाबत जी अनिश्चितता राहते, ती वाहण्यासाठी कंपनीला जो मोबदला हवा असेल तो, एवढेच मानक म्हणते. येथे कंपनी म्हणजे नेमके कोण, ही चर्चा वर्गात निघता कामा नये, कारण तो मोबदला ज्यांनी ठरवायचा ती माणसे समोरच चहा घेत बसलेली असतात. हा विषय ॲक्च्युअरीचा, म्हणजे विमा जोखमीचे गणित मांडणाऱ्या तज्ज्ञाचा, आहे, असे आवाज किंचित खाली आणून सांगावे. सभागृहात सुटकेची एक लाट येते. ॲक्च्युअरीला तिकडे वेगळ्या वर्गात सांगावे की हा विषय नेतृत्वाच्या जोखीम घेण्याच्या तयारीचा आहे. दोघांना एका खोलीत बसवले नाही, तर दोन्ही विधाने वर्षानुवर्षे खरी राहू शकतात.

रिस्क अ‍ॅडजस्टमेंट ज्या कॉन्फिडन्स लेव्हलवर, म्हणजे धरलेली रक्कम पुरेल याच्या शक्यतेच्या टक्केवारीवर, बसते ती टिपणांमध्ये जाहीर करावी लागते, आणि वेगळे तंत्र वापरले तरी त्याच्या निकालाशी जुळणारी पातळी सांगावीच लागते, ही मात्र खरी अडचण आहे. तिच्यावरचा प्रचलित उपाय असा की, स्पर्धकांचे वार्षिक अहवाल मागवावेत, त्यांनी जाहीर केलेल्या पातळ्या एका तक्त्यात मांडाव्यात आणि मधली उचलावी. मग ‘आमच्या जोखमीच्या सखोल आकलनावर आधारित’ असे एक वाक्य तिच्यापुढे जोडावे. करार नव्याने नोंदताना रिस्क अ‍ॅडजस्टमेंट जितकी मोठी धरू तितका सीएसएम लहान होतो. पुढे सीएसएम संरक्षणाच्या काळात उलगडतो, तर दावे निकाली निघायला वेळ लागत असेल तर रिस्क अ‍ॅडजस्टमेंटचा काही भाग त्यानंतरही मागे राहतो, आणि त्यामुळे कोणत्या वर्षी किती नफा दिसणार हे बदलते. असले तपशील प्रशिक्षणात सांगू नयेत. एकदा ते कळले की मधली पातळी का उचलली, हे कोणीतरी विचारणारच. कव्हरेज युनिटचेही, म्हणजे दिलेली सेवा मोजण्याच्या मापाचेही, तेच. विमा रक्कम धरावी की आणखी काही, यावर दहा-वीस वर्षांच्या नफ्याचा आकार ठरतो. म्हणून तो निर्णय गेल्या वर्षी रुजू झालेल्या विश्लेषकाच्या एक्सेल फाइलमध्ये, ‘तात्पुरते’ असे नाव दिलेल्या रकान्यात, सुखरूप राहू द्यावा.

साधारण विम्याचा व्यवसाय पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना जेवणाच्या सुट्टीतच मोकळे करावे. त्यांचे करार बहुतेक एक वर्षाचे असतात, त्यांना प्रीमियम अ‍ॅलोकेशन अ‍ॅप्रोच ही सोपी पद्धत वापरता येते, म्हणजे त्यांच्यासाठी काहीच बदललेले नाही, अशी त्यांची ठाम समजूत असते आणि एवढ्या मोठ्या माणसांची समजूत मोडणे बरे नव्हे. घडून गेलेल्या दाव्यांच्या दायित्वालाही रिस्क अ‍ॅडजस्टमेंट लागते, दावे वर्षभरात चुकते होणार नसतील तर ते वटवूनच, म्हणजे आजच्या मूल्यात, मांडावे लागतात, आणि तोट्याची चिन्हे दिसली तर त्या गटाचा तोटा लगेच नोंदवावा लागतो, हे त्यांना वर्षअखेरीच्या रात्री लेखापरीक्षक सांगतीलच.

खर्चाच्या वाटणीचा तास शेवटच्या दहा मिनिटांत उरकावा, कारण या विषयात समोरच्या मंडळींना आपल्याहून अधिक कळते. पोर्टफोलिओशी थेट जोडता येणारे खर्चच करारांच्या रोख प्रवाहात धरायचे आणि बाकीचे जसे होतील तसे नफा-तोटा पत्रकात टाकायचे, एवढे ऐकले की पेंगणारे डोळे उघडतात. मुख्यालयाचे भाडे कोणाचे, सॉफ्टवेअरचा खर्च कोणाचा, जाहिरातीचे काय, असे वाद सुरू होतात आणि पाहता पाहता खरेच काम होऊ लागते. अशा वेळी घड्याळाकडे पाहावे.

संक्रमणावर, म्हणजे जुन्या पद्धतीवरून नव्या मानकावर जाण्यावर, फार बोलू नये. सुरुवातीपासूनचा पूर्ण हिशेब मागे जाऊन करणे व्यवहार्य नसेल तर सुधारित पद्धत किंवा वाजवी मूल्याची पद्धत निवडता येते, त्या निवडीतून संक्रमणाच्या दिवशीचा सीएसएम ठरतो आणि उरलेला फरक थेट इक्विटीत, म्हणजे भागधारकांच्या निधीत, जातो. जो नफा इक्विटीत गेला तो पुन्हा कधीही नफा म्हणून दाखवता येत नाही, हे कळल्यावर काहींचे चेहरे उतरतात, म्हणून येथे विश्रांती घ्यावी.

विश्रांतीनंतर वर्ग भरवण्याची हमखास युक्ती म्हणजे विमा महसुलाचा विषय. गोळा केलेला हप्ता आता नफा-तोटा पत्रकाच्या पहिल्या ओळीत दिसत नाही; विमेदाराला विमा घटना घडो वा न घडो परत द्यावा लागणारा गुंतवणुकीचा भाग महसुलातून वगळावा लागतो; महसूल दिसतो तो दिलेल्या सेवेचा. हे सांगताच, ज्यांचा वार्षिक बोनस हप्त्याच्या वाढीवर बेतलेला आहे ते सर्वजण पेन्सिल हातात घेऊन पुढच्या रांगेत येतात. पूर्ण दिवसात मानकाचे वाचन इतक्या बारकाईने दुसरीकडे कोठे होत नाही. त्यांना तिष्ठत ठेवू नये. जुना आकडा विश्लेषकांच्या सादरीकरणात पूर्वीसारखाच मोठ्या अक्षरांत छापता येईल आणि बोनसचे कोष्टक त्यालाच जोडून ठेवता येईल, असे सांगून टाकावे. सीएसएम वाढला की घटला यावर कोणाचा पगार ठरत नाही तोवर तो कोणाच्या झोपेच्या आड येत नाही.

अखेरीस परीक्षा घ्यावी, पण ती बहुपर्यायी असावी आणि तिच्यात आद्याक्षरांचा विस्तार विचारावा. ‘व्हीएफए म्हणजे काय?’ हे विचारायला हरकत नाही (उत्तर: व्हेरिएबल फी अ‍ॅप्रोच, म्हणजे विमेदाराला गुंतवणुकीच्या परताव्यात वाटा देणाऱ्या करारांची पद्धत). ‘आपल्या कोणत्या योजना व्हीएफएमध्ये बसतात, कोणत्या बसत नाहीत, आणि तो निर्णय कोणी, कधी आणि कोणत्या आधारावर घेतला?’ हे विचारू नये, कारण या प्रश्नाला चार पर्याय देता येत नाहीत. उत्तीर्णतेची पातळी अशी ठेवावी की मुख्य वित्ताधिकारी मधूनच उठून गेले असले तरी पास व्हावेत. त्यानंतर अभिप्रायाचा अर्ज द्यावा, आणि त्यात वक्त्याचा आवाज, खोलीतील वातानुकूलन आणि हातात दिलेल्या वहीचा दर्जा यांवर मत मागावे.

राहता राहिले आपले बिल. ते वित्त विभागाकडे पाठवताना त्याचा काही भाग सीएसएममध्ये जिरवता येईल का, अशी विचारणा हमखास होईल. त्यावर मात्र, दिवसभरात प्रथमच, मानकातला परिच्छेद उघडून दाखवावा. पोर्टफोलिओशी थेट जोडता न येणाऱ्या, म्हणून करारांच्या रोख प्रवाहातून वगळायच्या खर्चांचे उदाहरण देताना मानकाने ‘काही प्रशिक्षण खर्च’ असे स्पष्ट लिहिले आहे, आणि असा खर्च झाला त्याच वर्षी नफा-तोटा पत्रकात टाकावा लागतो. हा परिच्छेद वरिष्ठ मंडळी एका वाचनात समजून घेतात आणि लगेच पुढच्या वर्षीच्या प्रशिक्षणाची तरतूद निम्म्यावर आणतात.