तळं राखा, पाणी चाखा, फक्त लिहून द्या

अभिनंदन! इंग्लंडातल्या दोन पाणी कंपन्या एक होणार, आणि त्या चौकशीच्या मंडळावर तुमची नेमणूक झाली. अहवालाचं नंतर बघू. आधी हितसंबंधांचा तक्ता भरायचाय, म्हणजे या कंपन्यांशी तुमचं काय देणंघेणं आहे ते लिहून द्यायचंय. खरी अक्कल तिथंच लागते.

काम तसं सोपं. 1989 साली इंग्लंड-वेल्समधल्या 10 पाणी-सांडपाणी कंपन्या खासगी झाल्या. घरातला नळ बदलता येतो, नळामागची कंपनी नाही. स्पर्धाच नाही म्हटल्यावर ऑफवॉट हा नियामक कंपन्यांची आपसात तुलना करतो: गळती कुणाची किती, खर्च कुणाचा किती. वर्गातली मुलंच घटली तर नंबर काढायचे कुणाचे? म्हणून ही चौकशी. 2015 मध्ये साउथ वेस्ट वॉटरची मालक असलेल्या पेनन कंपनीनं बोर्नमथ वॉटर सुमारे 10 कोटी पौंडांना घेतली, तेव्हाही झाली होती. नोव्हेंबरात मंजुरी मिळाली.

आता तक्ता. रात्री जेवणं उरकली की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसा. फ्रिजवर चुंबकाखाली लटकलेलं पाण्याचं बिल काढा आणि पहिली ओळ लिहा: 'मी या कंपनीचा ग्राहक आहे.' मग घरात नळ किती, बागेतला धरून. मागच्या वर्षी मीटरवरून फोनवर झालेली बाचाबाची. सासूबाईंच्या अंगणातलं पावसाच्या पाण्याचं पिंपही विसरू नका, नाहीतर ताकाला जाऊन भांडं लपवलं म्हणतील. तिसऱ्या पानावर वाचणाऱ्याला जांभई आली की समजा, जमलं. तोवर पाणी जिथं मुरायचं तिथं मुरलेलं असतं.

शेअर नाहीत म्हणता? लंडनच्या शेअरबाजाराच्या मोठ्या निर्देशांकाचा फंड असेल तर सेव्हर्न ट्रेंट आणि युनायटेड युटिलिटीज या पाणी कंपन्या त्यात आहेतच. तुम्ही निवृत्त प्राध्यापक असाल तर आणखी मजा. लंडनला पाणी पुरवणाऱ्या थेम्स वॉटरची जवळपास 20 टक्के मालकी विद्यापीठांच्या पेन्शन फंडाकडे होती. पुढे थेम्स कर्जात रुतली आणि त्या गुंतवणुकीची किंमत धाडकन उतरली. हितसंबंध असा परस्पर कमी होत असेल तर तुम्ही कशाला आडवे येता?

बायकोच्या नावावर करायची आपली वडिलोपार्जित विद्या मात्र तिथं कामाची नाही, जोडीदाराचंही विचारतात. (हे वाचून आपल्याकडचे काहीजण हळहळतील.)

कुणी फारच सोवळं नेसून आलं तर त्याला लॉर्ड कॉटनहॅमची गोष्ट सांगा. लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे मोठा न्यायाधीश. कालवा कंपनीच्या बाजूनं निकाल दिला, आणि त्याच कंपनीचे शेअर यांच्या खिशात! 1852 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं तो निकाल रद्द केला. वर हेही सांगितलं की त्यांच्यावर प्रभाव पडला असेल अशी शंका कुणालाच नाही. अब्रू शाबूत, निकाल रद्द. तक्ता भरला असता तर निदान दुसऱ्या कुणाला बसवून निकाल तरी टिकला असता.

राहता राहिली उद्याची नोकरी. ती कुठल्या रकान्यात लिहिणार? आशेला बाजारभाव नसतो. कॅथरिन रॉस 2017 पर्यंत ऑफवॉटच्या मुख्याधिकारी होत्या, 2021 मध्ये थेम्स वॉटरमध्ये आल्या आणि 2023 मध्ये तिथल्या हंगामी सह-मुख्याधिकारी झाल्या. मधे बीटी या टेलिफोन कंपनीत मुक्काम. सगळं उजळ माथ्यानं, नियमात. तुम्ही आज तक्ता भरताना फक्त अक्षर चांगलं काढा, कोण कधी वाचेल सांगता येत नाही.

पहिल्या बैठकीत अध्यक्ष चष्म्यावरून बघत विचारतील, 'कुणाला काही जाहीर करायचंय?' सगळे टेबलाकडे बघतील. तुम्ही समोरचा जग उचला, ग्लास भरा आणि सांगा, 'हे पाणी थेम्सचं आहे आणि मी ते पिणार आहे.' हशा होईल. सचिव इतिवृत्तात लिहून घेईल, आणि पुढचा विषय सुरू होईल.