बुलेटच्या ब्रीदरला बोल्ट मारायला सांगणाऱ्या मेसेजबद्दल

'जुन्या बुलेटचं ऑइल गळणं 5 मिनिटांत कायमचं बंद करा' असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणारा, पाइप बोल्ट मारून बंद करा, पॅकिंग फेकून सगळीकडे सिलिकॉन फासा, बोल्ट जोर लावून टाइट करा, इंजिनात 90 नंबर (गिअरचं जाड) ऑइल टाका, आणि एवढं करून गळलीच तर काळजी नको, बुलेट गळतेच. देवरुखला आमच्या भाऊजींकडे त्यांच्या वडलांची जुनी कास्ट आयर्न बुलेट आहे, त्यांनी यातला पहिला उपाय केला आणि मग मला फोन, की गळायची तेवढी गळतेच आहे वर क्लच घसरतोय आणि गाडी मिसिंग मारतेय. म्हणून हे लिहायला बसलो.

ब्रीदरचंच आधी घेतो कारण तो सगळ्यात घातक आहे. जुन्या 350 बुलेटचा बोअर (सिलिंडरची रुंदी) 70 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 90 मिमी, म्हणजे 346 सीसी. पिस्टन खाली येतो तेव्हा वरती जेवढी जागा होते तेवढीच हवा खाली क्रॅंककेसमध्ये (इंजिनाचा खालचा भाग, ज्यात क्रॅंक फिरतो) दाबली जाते, आणि सिंगल सिलिंडर असल्यामुळे ती घ्यायला शेजारी दुसरा पिस्टन नाही. रस्त्यावर चालताना हे मिनिटाला दोन-अडीच हजार वेळा होतं. ती हवा बाहेर जायची वाट म्हणजे ब्रीदर, आणि त्याच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखं रबर असतं ते हवा बाहेर सोडतं, परत आत येऊ देत नाही. ही वाट बंद केलीत तर हवा जाणार कुठे? सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट धरून दाबून बघा म्हणजे कळेल. मग ती जिथे कमजोर जागा मिळेल तिथून ऑइल घेऊन निघते. भाऊजींच्या गाडीत एक क्रॅंकच्या डाव्या बाजूच्या सीलमधून क्लच केसमध्ये शिरलं, लेव्हलचा स्क्रू सैल केल्याबरोबर धार लागली, प्लेटा ऑइलात बुडालेल्या मग क्लच घसरणार नाही तर काय. आणि दुसरं ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटच्या डबीत. झाकण उघडलं तर पॉइंट ऑइलने माखलेले, म्हणून मिसिंग. बोल्ट काढला, नवीन रबर टाकलं, क्लच केसचं ऑइल लेव्हलला आणलं, पॉइंट पुसले, गाडी ठीक. ते रबर किरकोळ किमतीचं असतं हो, कडक झालं किंवा चिरलं की बदलायचं, एवढंच.

आता आपल्याकडची खास गोष्ट, जी त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. कोकणात पावसाचे चार महिने बऱ्याच बुलेट पडवीत उभ्या असतात. या इंजिनात ऑइलची टाकी क्रॅंककेसच्या कास्टिंगमध्येच आहे, एक पंप ऑइल इंजिनला देतो आणि दुसरा खाली जमलेलं परत टाकीत नेतो, कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये ऑइल कसं फिरतं त्याचं चित्रच आहे, ज्याच्याकडे बुलेट आहे त्याने ते एकदा नीट बघावं, निम्मे वाद मिटतील. गाडी खूप दिवस उभी राहिली की टाकीतलं ऑइल हळूहळू पंपातून झिरपून क्रॅंककेसमध्ये उतरतं. मग गणपतीला मुंबईहून कोणीतरी येतं, डिपस्टिक बघतं, ऑइल कमी दिसतं, वरून ओततं, किक मारतं, आणि खाली साठलेलं सगळं ब्रीदरमधून भसाभस बाहेर. झालं, गाडी गळते म्हणून बोंब. गळत नाहीये ती, ऑइल जास्त झालंय. आधी चालू करा, चार-पाच मिनिटं चालू द्या, मग लेव्हल बघा.

सिलिकॉन. बाहेरून एम-सील आणि सिलिकॉन थापलं तर ते तेलकट धातूला धरतच नाही, दोन दिवसांत पापुद्रा सुटतो. पण आतून जास्त लावणं त्याहून वाईट, कारण टायमिंग कव्हरमध्ये (इंजिनाच्या उजव्या बाजूचं झाकण) ऑइलचे रस्ते आहेत, त्यातूनच क्रॅंकच्या टोकाला आणि पुढे बिग एंडला (कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग) ऑइल जातं. कव्हर आवळलं की जादा सिलिकॉन आत येतं, त्याचा तुकडा सुटून त्या भोकात बसला तर बिग एंड गेलाच. गळती थांबवायच्या नादात इंजिन उतरवायची वेळ. पॅकिंग नवीन टाका, कव्हरची पॅकिंग बसायची कड काचेवर फाइन एमरी पेपर ठेवून त्यावर घासून सपाट आहे का बघा, कारण कव्हर उघडायला स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलेलं असतं आणि त्याच ओरखड्यातून ऑइल येतं.

बोल्ट आवळणं: क्लच कव्हर एका मधल्या नटावर आणि कडेच्या रबरावर आहे. तो नट जास्त आवळला की कव्हर वाकतं आणि जास्तच गळतं. बाकीचे बोल्ट जोरात आवळले की ॲल्युमिनियममधले आटे जातात. वर रॉकरला (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) ऑइल नेणाऱ्या पाइपाच्या बोल्टखाली तांब्याचे वॉशर असतात, ते गळत असतील तर आवळू नका, गॅसवर लाल करून पाण्यात टाका, मऊ पडतात आणि परत नीट बसतात.

90 नंबर इंजिनात टाकायचं नाही, 20डब्ल्यू50 इंजिन ऑइल टाका आणि विषय संपवा. गिअरबॉक्सची गोष्ट वेगळी, आणि इथे मेसेजवाल्याचं 'गळतेच' हे अर्धं खरं आहे हे मान्य करावं लागतं. जुन्या चार गिअरच्या बॉक्सला किक शाफ्टपाशी ओल येतेच आणि त्यात पातळ ग्रीस टाकायची पद्धत जुनीच आहे. तिथे थोडी ओल चालेल.

पण 'बुलेट गळतेच' म्हणून हात झटकणं मला पटत नाही. मागच्या टायरवर ऑइल उडालेलं असताना पावसात आंबा घाट उतरणारा माणूस आपल्या घरातला असतो. म्हणून रॉकेलने इंजिन स्वच्छ धुवा, कोरडं पुसा, वरून टाल्कम पावडर भुरभुरवा, देवरुख-साखरप्याला एक फेरी मारून या. ऑइल वाऱ्याने मागे आणि खाली पसरतं, म्हणून जिथे जास्त दिसतंय तिथे नाही, ओलं झालेलं सगळ्यात वरचं आणि पुढचं ठिकाण शोधा आणि पहिलं पॅकिंग तिथलं बदला.